एका घरातले दोन अर्ज आणि ‘आधी बी२ करून टाका’ हा सल्ला

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. कुटुंब उदाहरणापुरतं उभं केलं आहे. परीक्षांचे नियम, वेळा आणि गुण मात्र खरे आहेत. मुंबई-ठाण्यात फ्रेंच शिकणाऱ्या बऱ्याच घरांत हाच पेच असतो, म्हणून तो मुळापासून सोडवून दाखवतो.

परिस्थिती

डोंबिवली पूर्वेचं घर. सून ३१ वर्षांची, बी.ई., ऐरोलीतल्या आयटी कंपनीत आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. नवरा ३३ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर, ठाण्यात डिझाइनचं काम. नणंद २१ वर्षांची, माटुंग्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वहिनी आणि नणंद शनिवार-रविवार एकाच फ्रेंच क्लासला जातात. गेल्या सत्रात दोघीही डेल्फ या फ्रेंच परीक्षेची बी१ ही पातळी पास झाल्या; बी२ ही तिच्या वरची पायरी. वहिनीला १०० पैकी ७१: ऐकण्यात १३, वाचनात २३, लेखनात १९, बोलण्यात १६. नणंदेला ७८, चारही भागांत साधारण सारखे.

सून आणि नवऱ्याला एक्स्प्रेस एन्ट्रीतून, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या कॅनडाच्या निवड प्रणालीतून, तिथलं पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) हवं आहे. नणंदेला फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून मास्टर्स करायचं आहे. क्लासमध्ये सल्ला मिळाला, ‘दोघी मिळून आता डेल्फ बी२ करून टाका, मग पुढचं बघू.’ नवऱ्यालाही कुणी सांगितलं की तुम्ही थोडं फ्रेंच शिकलात तर तुमचेही गुण वाढतील.

सल्ला मनापासूनचा आहे आणि ऐकायला सरळही वाटतो. पुस्तक एक, वर्ग एक, पातळी एक, मग परीक्षा वेगळी कशाला? पण परीक्षा आपल्या पातळीवरून निवडायची नसते. कागद कोणत्या कचेरीत जाणार, तिथे कोणता कागद चालतो आणि तो तपासला जाईल त्या दिवशी तो जिवंत असेल का, यावरून ती ठरते. या घरात कचेऱ्या दोन आहेत, त्यामुळे परीक्षाही दोन होणार.

कोणता कागद कुठे चालतो

डेल्फ आणि डाल्फ या पदविका आहेत. त्या फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावाने मिळतात आणि त्यांचं काम फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनल ही संस्था पाहते. पातळी आधी निवडायची आणि त्याच पातळीचा पेपर द्यायचा: डेल्फमध्ये ए१, ए२, बी१, बी२, डाल्फमध्ये सी१, सी२. पास झालात तर पदविका आयुष्यभर चालते. नापास झालात तर हातात काहीच राहत नाही. बी२ चा पेपर ४८ वर अडकला म्हणून बी१ चं प्रमाणपत्र मिळत नाही.

टीसीएफ आणि टेफ या चाचण्या आहेत. यांत पास-नापास नाही. सगळ्यांना एकच पेपर, आणि आज तुम्ही कुठे उभे आहात ते गुणांवरून कळतं. निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो. टीसीएफ त्याच फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनलची, टेफ पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सची. दोन्हींचे अनेक प्रकार आहेत आणि मुंबईतले अर्जदार सर्वांत जास्त पैसे इथेच घालवतात. नुसती टीसीएफ वेगळी, टीसीएफ कॅनडा वेगळी, कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतासाठीची टीसीएफ क्वेबेक वेगळी. फ्रान्समधल्या वास्तव्य परवान्यासाठी आणि नागरिकत्वासाठी टीसीएफ आयआरएन आणखी वेगळी. टेफचंही तसंच. एक्स्प्रेस एन्ट्रीत फ्रेंचसाठी फक्त दोन नावं चालतात, टीसीएफ कॅनडा आणि टेफ कॅनडा. डेल्फ बी२ तर नाहीच, डाल्फ सी२ सुद्धा तिथे चालत नाही.

म्हणजे सुनेने सहा महिने घालून डेल्फ बी२ उत्तम गुणांनी मिळवली, तरी तिच्या कॅनडाच्या प्रोफाइलमध्ये एकही गुण वाढणार नाही.

सुनेचं गणित

किती वाढणार नाही, ते आकड्यांत बघू. एक्स्प्रेस एन्ट्रीत उमेदवारांची क्रमवारी सीआरएस गुणांवर लागते. नवरा सोबत अर्जात आहे असं धरून:

वय ३१: ९० गुण
बी.ई.: ११२
इंग्रजी, आयईएलटीएस जनरल, चारही कौशल्यांत सीएलबी (कॅनडाची इंग्रजीची मोजपट्टी) ९: ११६
नवऱ्याचं शिक्षण ८ आणि त्याचं इंग्रजी, सीएलबी ७-८: १२
पदवी आणि चांगलं इंग्रजी या जोडीचे २५, परदेशातला तीन वर्षांहून जास्त अनुभव आणि चांगलं इंग्रजी या जोडीचे ५०

बेरीज ४१३. कॅनडा वेळोवेळी फेऱ्या काढून वरच्या गुणांच्या उमेदवारांना बोलावतं. २०२४ मध्ये झालेल्या सर्वसाधारण फेऱ्या सगळ्या ५२० च्या वर थांबल्या. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले, त्यामुळे तो आडमार्गही उरला नाही. ४१३ वर वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आता फ्रेंच धरू. कॅनडा फ्रेंचची पातळी एनसीएलसी या मोजपट्टीवर मोजते. चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ मिळालं तर दुसऱ्या भाषेचे प्रत्येकी ३ म्हणजे १२ गुण, शिवाय इंग्रजी सीएलबी ५ किंवा वर असल्याने ५० जादा. एकूण ६२. ४१३ चे ४७५ होतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी स्वतंत्र फेऱ्या निघतात आणि चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ असणाराच त्यांत बसतो. अशी पहिली फेरी ७ जुलै २०२३ ला निघाली, ती ४३९ वर थांबली. २१ मार्च २०२५ च्या फेरीत ७,५०० जणांना बोलावलं आणि कटऑफ ३७९ होता. हे आकडे फेरीगणिक बदलतात, पण ४७५ वाल्याची जागा यांत कुठे आहे ते स्पष्ट दिसतं.

चारपैकी एकाच कौशल्यात एनसीएलसी ६ आलं तर? तीन कौशल्यांचे ९, चौथ्याचा १, एकूण १०. ते ५० गुण पूर्ण जातात आणि फ्रेंच फेरीतलं स्थानही जातं. बेरीज ४२३. एका कौशल्यात एक पायरी खाली, आणि ५२ गुण गेले. पुढच्या सगळ्या तयारीची दिशा या एका हिशेबाने ठरते: सरासरी चांगली असून चालणार नाही, सर्वांत कच्चं कौशल्य वर यायला हवं. सुनेचं कच्चं कौशल्य म्हणजे ऐकणं, बी१ मध्ये २५ पैकी १३ मिळालेलं.

नवऱ्याबद्दलचा सल्ला इथेच निकालात निघतो. जोडीदाराची एकच भाषा मोजली जाते. त्याचं इंग्रजी आधीच १२ गुण देतं आहे, त्यात फ्रेंच ए२ ची भर पडत नाही. त्याने तोच वेळ आयईएलटीएसवर घालवून चारही कौशल्यांत सीएलबी ९ आणलं तर १२ चे २० होतात. आठ गुण, आणि तेही जी भाषा त्याला येते तिच्यातून. दोघांपैकी मुख्य अर्जदार कोण, हाही प्रश्न घरात होता. तो ३३ चा असल्याने वयाचे ८० मिळतात, तिला ९०; शिवाय फ्रेंच तिच्याकडे. मुख्य अर्जदार तीच. मात्र तिचा ३२ वा वाढदिवस आला की वयाचे ५ गुण कमी होणार, हे वेळापत्रकात लिहून ठेवायचं.

बी२ म्हणजे एनसीएलसी ७ नव्हे

क्लासमध्ये सर्रास म्हटलं जातं की बी२ झालं की एनसीएलसी ७ झालंच. लेखन आणि बोलण्यापुरतं ते खरं आहे: टीसीएफमध्ये या दोन भागांना २० पैकी गुण असतात, १० पासून बी२ सुरू होतं आणि १० पासूनच एनसीएलसी ७. ऐकणं आणि वाचन मात्र ६९९ पैकी मोजतात. तिथे बी२ चा पट्टा ४०० ते ४९९ आहे, तर एनसीएलसी ७ साठी ऐकण्यात ४५८ आणि वाचनात ४५३ लागतात. ४२० मिळवणारा माणूस बी२ आहे, प्रमाणपत्रावर तसं लिहिलेलंही असतं, पण कॅनडाच्या हिशेबात तो एनसीएलसी ६ वर आहे. पट्ट्याचा खालचा निम्मा भाग उपयोगाचा नाही.

डेल्फमध्ये ही फट दिसत नाही, कारण तिथे भरपाई चालते. चार भागांना प्रत्येकी २५, पास व्हायला एकूण ५०, आणि कुठल्याही भागात ५ च्या खाली नको. ऐकण्यात ९ आणि वाचनात २२ मिळवूनही बी२ पास होता येतं. वाचनात तल्लख आणि ऐकण्यात अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला डेल्फ बी२ पास झाल्यावर आपण तयार आहोत असं वाटतं. तोच विद्यार्थी टीसीएफ कॅनडात ऐकण्याला ४१० घेऊन परत येतो आणि पेपर अवघड होता म्हणतो. पेपर तेवढाच होता. भरपाई करणारं कुणी नव्हतं.

ऐकण्याच्या पद्धतीतही फरक आहे. डेल्फ बी२ मध्ये मोठे उतारे दोनदा ऐकवतात. टीसीएफमध्ये ध्वनिमुद्रण एकदाच. ३५ मिनिटांत ३९ प्रश्न, सोप्याकडून अवघडाकडे चढत जाणारे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दोनदा ऐकायची सवय लागलेला उमेदवार पहिल्या ऐकण्यात फक्त विषय पकडतो आणि तपशिलासाठी दुसऱ्याची वाट बघतो. ते दुसरं कधी येत नाही. तोवर पुढचा प्रश्न सुरू झालेला असतो आणि एका चुकीच्या तीन होतात.

टीसीएफ कॅनडा की टेफ कॅनडा

कॅनडाला दोन्ही सारख्याच चालतात, म्हणून इथे निवड उमेदवाराच्या स्वभावावर आणि तारखांवर होते. वाचन दोन्हींत एक तास: टीसीएफमध्ये ३९ प्रश्न, टेफमध्ये ४०. ऐकणं टेफमध्ये ४० मिनिटांत ४० प्रश्न. यांत फार निवडण्यासारखं नाही. खरा फरक लिहिण्यात आणि बोलण्यात आहे.

टीसीएफ कॅनडाच्या लेखनात एका तासात तीन कामं. पहिलं, एखाद्याला संदेश, ६० ते १२० शब्द. दुसरं, अनुभव सांगणारा मजकूर, १२० ते १५० शब्द. तिसरं, एकाच विषयावरची दोन मतं वाचून त्यांचा सारांश आणि मग स्वतःचं मत, मिळून १२० ते १८० शब्द. वेळ वाटून दिलेला नसतो, तो आपणच वाटायचा. पहिल्या दोन कामांत रमलेल्याला तिसऱ्याला पंधरा मिनिटं उरतात, आणि पातळी दाखवायची जागा तर तिसरं काम आहे. १२, १८, ३० मिनिटं अशी वाटणी धरून सराव केला तर तिसऱ्या कामात शेवटची पाच मिनिटं लिंग-वचन तपासायला मिळतात.

टेफ कॅनडाच्या लेखनात दोनच कामं. पहिल्यात वर्तमानपत्रातल्या छोट्या बातमीची सुरुवात दिलेली असते, ती किमान ८० शब्दांत पुढे न्यायची, २५ मिनिटांत. दुसऱ्यात वर्तमानपत्राला पत्र लिहून एका विधानावर मत मांडायचं, किमान २०० शब्द, ३५ मिनिटं. बातमी पुढे नेताना भूतकाळाचे दोन प्रकार अचूक जोडावे लागतात. ज्याचा पासे कॉम्पोझे आणि अँपार्फे यांत गोंधळ होतो त्याचे गुण इथे झपाट्याने जातात.

बोलण्यात टीसीएफची १२ मिनिटं आहेत. दोन मिनिटं ओळखपर गप्पा. मग परीक्षकाशी प्रसंग, साडेपाच मिनिटं, त्यांतली दोन तयारीची. शेवटी साडेचार मिनिटं मत मांडणं, तयारीशिवाय. टेफमध्ये १५ मिनिटं: आधी पाच मिनिटं एखाद्या जाहिरातीबद्दल अनोळखी माणसाला फोनवर विचारल्यासारखे एकामागून एक प्रश्न, मग दहा मिनिटं मित्राला एखादी गोष्ट पटवून देणं. पहिल्या भागात ‘व्हू’ (तुम्ही), दुसऱ्यात ‘त्यू’ (तू). घाबरलेला उमेदवार मित्राशीही ‘व्हू’ने बोलत राहतो आणि परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं.

सामान्य सल्ला असा मिळतो की तुम्हाला जी सोपी वाटेल ती द्या. वाटण्यावर सोडू नये असं आमचं ठाम मत आहे. लागोपाठच्या दोन रविवारी घरी दोन्ही पूर्ण नमुना पेपर द्यायचे, घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. लेखन आणि बोलण्याचं ध्वनिमुद्रण शिक्षकांकडून तपासून घ्यायचं. मग दोन्हींतलं एकूण नव्हे, तर दोन्हींतलं सर्वांत कमी आलेलं कौशल्य शेजारी ठेवून बघायचं. ज्या परीक्षेत तो तळ वर आहे ती आपली.

या सुनेचं उदाहरण धरलं तर टीसीएफ कॅनडाकडे झुकावं लागतं. तिचं लेखन नेटकं आहे, मोजक्या शब्दांत मुद्दा मांडायची सवय कामातूनच आली आहे, त्यामुळे तीन आखीव कामं तिला जमतात. बोलण्यात दहा मिनिटं सलग समोरच्याला पटवत राहणं तिला जड जातं. साडेचार मिनिटांचं मत तिला पेलतं. पण मुंबईत तारीखच मिळत नसेल आणि टेफची मिळत असेल, तर हा कल सोडून टेफ घ्यावी. सहा महिने उशीर झाल्याचं नुकसान प्रकारातल्या फरकापेक्षा मोठं असतं.

टेफ निवडणाऱ्याने एक जपावं. ११ डिसेंबर २०२३ पासून टेफ कॅनडाची गुणपट्टी बदलली. एनसीएलसी ७ साठी वाचनात २०७, ऐकण्यात २४९ आणि बोलण्यात ३१० पुरतात असं सांगणारे तक्ते अजून व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. ते जुन्या पट्टीचे आहेत. त्यांवर लक्ष्य ठरवलं तर आपण उंबरठा ओलांडला असं वाटेल आणि प्रत्यक्षात खूप खाली असू.

सहा महिने कसे वापरायचे

शून्यापासून बी२ पर्यंत साधारण ५६० ते ६५० तास धरतात, बी१ पर्यंत ३६० ते ४००. म्हणजे सुनेला अजून २०० ते २५० तास हवेत, आणि बी२ च्या वरच्या निम्म्यात जायचं असल्याने २५० च धरलेले बरे. आठवड्याला दहा तास काढले तर पंचवीस आठवडे. क्लासचे चार तास त्यात येतात. उरलेले सहा घरून आणि प्रवासातून.

डोंबिवली ते ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, हा वेळ ऐकण्याला देता येतो, पण नीट समजून. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये पहिल्यांदा ऐकलेला उतारा निम्मा कानावर पडतच नाही, आणि न कळण्याचं कारण भाषा की गोंगाट हेच कळेनासं होतं. म्हणून नवा उतारा रात्री घरी, शांततेत, एकदाच ऐकून उत्तरं लिहायची. मग मजकूर समोर ठेवून चुका बघायच्या. तोच उतारा दुसऱ्या दिवशी गाडीत पुन्हा ऐकायचा. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र आणि टीव्ही५ माँदचे मोफत टीसीएफ नमुने यासाठी चांगले आहेत.

मराठी कानाला ठरावीक ठिकाणी दगा होतो. ‘आँ’, ‘ओं’ आणि ‘अँ’ हे अनुनासिक स्वर वेगात एकसारखे ऐकू येतात. ७० ते ९९ हे आकडे बेरीज-गुणाकाराने बनत असल्याने भाडं, वेळ, फोन नंबर असे प्रश्न चुकतात. हे प्रश्न पेपरच्या सुरुवातीच्या सोप्या भागात येतात, म्हणजे हमखास मिळणारे गुण जातात. रोज दहा मिनिटं नुसते आकडे ऐकून लिहिले तर महिन्याभरात ही गळती थांबते.

शेवटच्या आठ आठवड्यांत दर रविवारी सकाळी ३५ मिनिटं ऐकणं आणि लगेच ६० मिनिटं वाचन, न थांबता. नमुना पेपरमध्ये सलग तीनदा ऐकण्यात ४७० च्या वर आल्याशिवाय परीक्षेला बसू नये. ४५८ च्या उंबरठ्यावर बरोब्बर उभं राहून परीक्षेला जाणं म्हणजे त्या दिवशीच्या हेडफोनच्या भरवशावर जाणं.

नणंदेचा मार्ग

तिचा निर्णय सोपा आहे, आणि तिच्या बाबतीत क्लासचा सल्ला बरोबर ठरतो: डेल्फ बी२. फ्रेंच माध्यमाच्या मास्टर्सला विद्यापीठं बहुधा बी२ मागतात, काही अभ्यासक्रम सी१. डेल्फ बी२ असली की फ्रान्सच्या विद्यापीठात प्रवेशासाठीची वेगळी भाषा चाचणी द्यावी लागत नाही. या वर्षी प्रवेश नाही झाला, दोन वर्षं इथे नोकरी करून मग जायचं ठरलं, तरी पदविका तशीच चालते. तिचे चारही भाग सारखे असल्याने ५० चा उंबरठा ती एखाद्या वाईट भागासह सुद्धा पार करू शकते. पेपरचा आकार: ऐकणं सुमारे ३० मिनिटं, वाचन एक तास, लेखन एक तास आणि किमान २५० शब्दांचं मुद्देसूद पत्र किंवा लेख, बोलणं २० मिनिटं आणि त्याआधी तयारीला ३०.

अडचण येते ती वेळेची. डेल्फची सत्रं वर्षातून मोजकी असतात आणि भारतातून अर्ज कॅम्पस फ्रान्सच्या ‘एत्यूद आँ फ्राँस’ प्रणालीतून, ठरलेल्या मुदतीत जातो. म्हणून आधी अभ्यासक्रमाची मुदत बघायची, तिच्यापासून मागे मोजत यायचं आणि त्याआधी निकाल लागेल अशा सत्रात बसायचं. मूळ पदविका हातात यायला महिने लागतात. तोवर उत्तीर्ण झाल्याचा दाखला मिळतो, अर्जाला तो जोडायचा. सत्र चुकलंच तर नुसती टीसीएफ हा पर्याय आहे. पण तिच्यात लेखन आणि बोलणं ऐच्छिक असतं, आणि विद्यापीठाला ते दोन्ही हवे असतात. पैसे वाचवायला फक्त सक्तीचे तीन भाग देऊन आलेल्या विद्यार्थ्याचा निकाल तिथे अपुरा पडतो. टीसीएफ डॅप नावाचा प्रकार पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी आहे; मास्टर्सवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि अभ्यासक्रम इंग्रजीतून असेल तर ही कुठलीच परीक्षा सक्तीची नसते.

क्वेबेकचं काय

घरात मध्येच निघालेला प्रश्न. एक्स्प्रेस एन्ट्रीत क्वेबेकबाहेर राहण्याचा इरादा लागतो. क्वेबेकची निवड वेगळी, तिचं पोर्टल अरिमा वेगळं, भाषेची मोजपट्टीही वेगळी. तिथल्या कुशल कामगार कार्यक्रमाच्या पहिल्या गटात बोलण्या-ऐकण्याला पातळी ७ आणि लिहिण्या-वाचण्याला ५ लागते. टीसीएफ क्वेबेक आणि टेफॅक (टेफचा क्वेबेकसाठीचा प्रकार) यांत हवे तेवढेच भाग देता येतात, म्हणून त्या स्वस्त पडतात. पण त्यांचा निकाल एक्स्प्रेस एन्ट्रीत चालत नाही. उलट टीसीएफ कॅनडाचा निकाल क्वेबेकही स्वीकारतो. दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर टीसीएफ कॅनडाच द्यावी.

नाव, पासपोर्ट, कीबोर्ड

मुंबईत मरीन लाइन्सच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच भाषा केंद्रात आधी चौकशी करायची. जागा लवकर भरतात, म्हणून पुणे आणि अहमदाबादच्या आलियाँसच्या तारखाही बघून ठेवायच्या. फॉर्म भरताना परीक्षेचं पूर्ण नाव दोनदा वाचायचं: ‘टीसीएफ’ पुढे ‘कॅनडा’ आहे का?

आपल्याकडची खास अडचण नावाची. लग्नानंतर आधार आणि पॅन नव्या नावाने झालेले, पासपोर्टवर मात्र माहेरचं नाव, आणि मधलं वडिलांचं नाव ‘दिलेलं नाव’ या रकान्यात. नोंदणी अक्षरशः पासपोर्टप्रमाणे करायची, आडनाव आणि नाव त्याच रकान्यांत. नाव बदलून नवा पासपोर्ट काढायचा असेल तर तो परीक्षेच्या नोंदणीआधी काढायचा, मध्ये नाही. परीक्षा संगणकावर असेल तर कीबोर्ड कोणता आणि स्वरांवरची चिन्हं कशी टाकायची ते केंद्राला आधी विचारून त्याच पद्धतीने सराव करायचा. फ्रेंच कीबोर्डवर ए आणि क्यू यांच्या जागा उलट असतात. पहिल्यांदा हात लावणाऱ्याची लेखनातली बरीच मिनिटं त्यातच जातात.

निकाल हाती आल्यावर

समजा सुनेचा निकाल असा आला: ऐकणं ४७२, वाचन ५११, लेखन ११, बोलणं ९. तीन कौशल्यं पार, बोलणं एका गुणाने एनसीएलसी ६ वर. नुसतं बोलणं पुन्हा देता येत नाही, आणि टेफमधलं बोलणं घेऊन टीसीएफच्या बाकी तीन गुणांना जोडताही येत नाही. चारही भाग पुन्हा द्यावे लागतात, आणि दोन प्रयत्नांमध्ये सक्तीचं अंतर असतं. अशा वेळी परीक्षा बदलू नये. एका गुणासाठी नव्या प्रकारचे चार भाग नव्याने शिकण्यापेक्षा, बोलण्याची तीन कामं शिक्षकांसमोर आठवड्यातून तीनदा करावीत आणि ऐकण्याचा रविवारचा पेपर चालू ठेवावा, नाहीतर ४७२ चे ४५० होतील. परीक्षा बदलण्याचा विचार तेव्हाच करावा, जेव्हा त्याच कौशल्यात दोनदा मोठ्या फरकाने मागे पडायला होतं.

शेवटची बाब आयईएलटीएसची. तिची मुदतही दोन वर्षं, आणि भाषेचे दोन्ही निकाल प्रोफाइल भरताना आणि नंतर पीआरचा अर्ज करतानाही जिवंत असावे लागतात. बोलावणं आल्यावर अर्जाला ६० दिवस मिळतात. सुनेने आयईएलटीएस १४ महिन्यांपूर्वी दिली आहे, म्हणजे १० महिने उरले. फ्रेंचची तयारी सहा महिने, निकालाला काही आठवडे, फेरीची वाट, वर ६० दिवस: हिशेब काठावर येतो, आणि बोलण्याचा तो एक गुण हुकला तर मोडतोच. नव्याने सुरुवात करणाऱ्याने क्रम उलटा ठेवावा, आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी. या घराने मात्र आयईएलटीएसच्या दुसऱ्या फीची रक्कम आतापासूनच बाजूला काढावी आणि फ्रेंचचा निकाल लागला की त्याच आठवड्यात नवऱ्याच्या सीएलबी ९ च्या प्रयत्नासोबत दोघांची एकाच दिवसाची जागा घ्यावी.